पन्हळीत गांडूळ

छपराबद्दलची पत्रं मला दोन हंगामांत येतात. थोडी एप्रिलमध्ये, बाकी सगळी जुलैत. जुलैतल्या पत्रांना उत्तर एकच असतं: बादली ठेवा. म्हणून यंदा एप्रिलच्या अंकातच फक्त छपराचे प्रश्न घेतले आहेत, आणि त्यातही झाडांखालच्या घरांचे. उघड्या माळावरच्या घराचं दुखणं वेगळं आणि फणसाखालच्या घराचं वेगळं. माझं स्वतःचं घर देवरुखजवळ आहे, पुढे रायवळ आंबा आणि मागे फणस. तेव्हा पुस्तकातलं कमी आणि शिडीवरचं जास्त सांगेन.

प्रश्न : *आमचं घर लांजा तालुक्यात, सासऱ्यांच्या वेळचं, मंगलोरी कौलांचं. आम्ही डोंबिवलीला असतो, मे महिन्यात आणि गणपतीला जातो. घरावर मोठा आंबा आणि दोन फणस आहेत. गेल्या मे महिन्यात फुटकी कौलं बदलली, साठेक लागली. तरी गणपतीत माजघरात तीन ठिकाणी थेंब, आणि मूळ घर व पडवी जिथे काटकोनात मिळतात तिथे तर धार. गवंडी म्हणतो कौलं काढा, पत्रे टाका. दीर म्हणतात वरून ताडपत्री ओढू. काय करावं?*

ताई, आधी माजघरातले थेंब. तिथलं एकही कौल फुटलेलं नसणार, पैज लावतो. या वेळी गेलात की एक कौल उचलून हातात घ्या. त्याच्या एका कडेला उभ्या खोबणी दिसतील. शेजारच्या कौलाच्या पोटाची पट्टी त्यात बसते. दोन कौलांच्या सांध्यातून थोडं पाणी आत जाणारच, ते या खोबणीतून खाली घरंगळतं आणि खालच्या कौलाच्या पाठीवर पडतं. सगळी करामत त्या खोबणीची. आता तुमच्या आंब्याचा मोहोर गळतो, त्याचा भुसा कुठे जातो? फणसाच्या पानाचा चुरा, पाखरांची घाण, वाऱ्याची माती? त्या खोबणीत. चार-पाच पावसाळ्यांत ती काठोकाठ भरते, पाणी खाली जाण्याऐवजी काठावरून आत सांडतं आणि तुम्ही खालून फुटकं कौल शोधत बसता.

जुनी माणसं दर वर्षी कौलं परतायची ती याचसाठी. हल्ली ‘कौलं परतली’ म्हणजे फुटकी काढून नवी घातली, असा अर्थ झाला आहे. तो निम्माच आहे. परतणं म्हणजे प्रत्येक कौल उचलायचं, हातावर आपटून झाडायचं, खोबणी हिरांच्या खराट्याने कोरडी खरवडायची, खालची रीप वाळवीने पोखरलेली नाही ना ते बोटाने दाबून बघायचं आणि कौल परत ठेवायचं. उचलताना आढ्याकडून खाली यायचं, लावताना पावळीकडून, म्हणजे छपराच्या खालच्या कडेकडून, वर जायचं. चौरस मीटरला साधारण पंधरा कौलं बसतात, म्हणजे तुमच्या घराला दीड-दोन हजार सहज असतील. दोन जाणती माणसं आणि खाली एक देणारा धरला तर काही दिवसांचं काम आहे. दर वर्षी सगळं जमणार नसेल तर झाडाखालची बाजू दर वर्षी आणि उघडी बाजू तीन वर्षांतून एकदा करा.

आणि जुनं कौल टाकण्याआधी वाजवून बघा. बोटाच्या पेरानं टकटक केलं की चांगलं कौल खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. काळं पडलं म्हणून कौल वाईट होत नाही. मंगळूरला बासेल मिशन या स्विस मिशनरी संस्थेने कौलांचा पहिला कारखाना काढला तो 1865 साली. जुन्या कौलांच्या पोटावर कारखान्याची नावं उठवलेली असतात, तुमच्या छपरातही सापडतील. ती कौलं तुमच्या सासऱ्यांपेक्षा वयाने मोठी असू शकतात, आणि अजून खणखणत असतील तर त्यांना उतरवायचं कारण नाही.

आता ती धार. दोन छपरं काटकोनात मिळतात तिथे खाली पत्र्याची पन्हळ असते, तिला हल्ली सगळे व्हॅली म्हणतात. दोन्ही छपरांचं पाणी तिच्यात उतरतं, आणि दोन्ही छपरांवरचं पानसुद्धा. आंब्याचं पान लांब, चामट आणि कुजायला आळशी. एक आडवं अडकलं की त्यामागे दहा अडकतात आणि धरण तयार होतं. पाणी मग पत्र्याच्या कडेवरून उलटं कौलांखाली शिरतं. तुम्हाला दिसते ती धार हीच.

इथे माझी फजिती सांगतो. मुलीच्या लग्नाच्या वर्षी मी मे महिन्यात छपरावर चढलो नाही. जन्मभर लोकांना शिकवलं, स्वतःच्या घरी ‘बघू पुढच्या आठवड्यात’ केलं. आषाढात रात्री दोनला हिने उठवलं, तर कणगीवर धार. कणगीत वर्षाचे तांदूळ. चार दिवसांनी उघडीप मिळाली तशी शिडी लावली आणि त्या कोनात हात घातला. वर पत्रावळीसारखा वाळक्या पानांचा थर. तो उचलला तर खाली चहाच्या चोथ्यासारखा काळा लगदा, कोपरभर लांब. त्यात पिंपळाचं दोन पानांचं रोप. आणि रोपाच्या मुळाशी एक गांडूळ, चांगलं करंगळीएवढं. जमिनीपासून चौदा फुटांवर! पन्हळीत गांडूळ सापडलं याचा अर्थ तिथे कचरा उरलेला नाही, तिथे माती झाली आहे. लगदा खरवडून पत्रा बाहेर काढला आणि आभाळाकडे धरला, तर भर दुपारी चांदण्या दिसल्या. ओल्या पानांचा अर्क जस्ताचा मुलामा खातो आणि मग लोखंडाला काही वेळ लागत नाही. पत्रा पावसाने सडलाच नव्हता, तो पानांनी सडवला होता.

तुमचा पत्राही एकदा काढूनच बघा. नवा घालताना तीन गोष्टी गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून करून घ्या. रुंदी कमीत कमी दोन फूट हवी. पत्र्याच्या दोन्ही कडा अर्धा-पाऊण इंच वर दुमडलेल्या हव्यात, म्हणजे उसळलेलं पाणी तिथे अडतं. आणि दोन्ही बाजूंच्या कौलांमध्ये मोकळी वाट पाच-सहा इंचांची सोडायला लावा. गवंडी लोकांना ती वाट बारीक ठेवायची फार हौस, दिसायला नेटकी दिसते म्हणून. नेटक्या वाटेत पान अडकतं, ऐसपैस वाटेतून वाहून जातं. कौलांच्या कडा सिमेंटने लिंपू देऊ नका. पहिल्याच उन्हाळ्यात सिमेंट चिरतं, आणि पुढच्या वर्षी पत्रा साफ करायला कौल उचलताच येत नाही.

ताडपत्री नको. तिच्याखाली दमट राहतं, वासे कुजतात, आणि वरून काय चाललंय ते दिसत नाही. पत्र्याबद्दल मी हट्टी नाही. ज्यांच्याकडे वर्षातून एकदाही चढणारा माणूस उरलेला नाही त्यांनी पत्रा घातला तर मी नाक मुरडत नाही. पण तुम्ही दोनदा जाता. मे महिन्यात मोहोर आणि पानगळ उरकल्यावर, वळीव सुरू व्हायच्या आत कौलं परता. आणि गणपतीला जाल तेव्हा आरास लावायच्या आधी कोणाला तरी शिडी लावून एवढी व्हॅली मोकळी करायला सांगा. फणस बारमाही पानं टाकतो, त्याला तुमच्या मे महिन्याशी देणंघेणं नाही.

प्रश्न : *पुण्यात एरंडवण्यात आमची चार मजली जुनी इमारत आहे. समोर पर्जन्यवृक्ष, त्याच्या फांद्या गच्चीवर. मागच्या जूनमध्ये एका संध्याकाळी गच्चीत घोट्याच्या वर पाणी साठलं आणि जिन्यातून खाली आलं. प्लंबरने पाइपाच्या तोंडावरच्या जाळ्या काढून टाकल्या, म्हणाला आता तुंबणार नाही. खरं आहे का?*

तोंडाशी तुंबणार नाही. खाली कोपऱ्यात तुंबेल, तिसऱ्या मजल्याच्या भिंतीत, आणि तिथे तुमचा हात पोचणार नाही. जाळी आजच परत बसवा. पण सपाट नको, घुमटासारखी उंच घ्या. सपाट जाळीवर एक पिशवी येऊन बसली की झालं. घुमटाच्या पायथ्याशी पानं साठली तरी वरून पाणी जात राहतं.

पर्जन्यवृक्षाची पर्णिका नखाएवढी असते. मोठं पान अडकतं ते दिसतं तरी. ही बारीक पानं फरशीवर ओल्या गोधडीसारखी चिकटतात, त्यात उन्हाळ्यातली ती गुलाबी झुबक्यांची फुलं आणि चिकट शेंगा. गुलमोहर आणि चिंचेचंही तसंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते, तेव्हा सोसायटीत कोणाला गच्ची आठवत नाही, कारण पाऊस लांब असतो. मग एप्रिल-मेच्या वळवाने सगळं एका झटक्यात पाइपाकडे ढकललं जातं. मार्चअखेर एकदा झाडा, मे महिन्याच्या शेवटी पुन्हा झाडा, आणि पाण्याने ढकलू नका, सुपलीत भरून खाली आणा. झाडायला येणाऱ्या बाईंनी पाइपातच सगळं लोटलेलं मी किती ठिकाणी पाहिलंय! त्यांचा दोष नाही, त्यांना सुपली कोणी दिलेलीच नसते.

आता पाइप मोजा. आमच्या वेळचा आडाखा असा की चारशे-साडेचारशे चौरस फुटांना चार इंची एक पाइप. तुमची गच्ची बाराशे फूट असेल तर तीन हवेत, आणि जुन्या इमारतीत बहुधा दोनच सापडतील. त्यातला एक तुंबला की काय होतं त्याचा हिशेब सोपा आहे: बाराशे फुटांवर एक इंच पाणी म्हणजे सुमारे दोन हजार आठशे लिटर, पावणेतीन टनांहून जास्त. घोट्याच्या वर म्हणजे चार इंच धरा. तुमच्या स्लॅबवर त्या संध्याकाळी अकरा टन पाणी उभं होतं. जिन्यातून खाली आलं हे बरंच झालं म्हणायचं.

म्हणून सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचं काम सांगतो. कठड्याच्या भिंतीत, फरशीपासून दोन इंच वर आणि जिन्याच्या उंबऱ्यापेक्षा खाली, एक-दोन भोकं पाडून तोटीसारखा पाइपाचा तुकडा बाहेर काढा. एरवी त्यातून काही येणार नाही. ज्या दिवशी तिथून पाणी पडताना दिसेल त्या दिवशी समजा, खालचे पाइप तुंबलेत. वॉचमनलाही कळतं.

कठडा आणि फरशी मिळतात तिथला वाटा तपासा. सिमेंटची ती गोलाई सुटली असेल तर पानांचा लगदा त्या फटीत बसतो आणि पिंपळ तिथेच उगवतो. दोन पानांचा असताना चिमटीने निघतो. हातभर झाला की नुसता छाटून उपयोग नाही, तो दुप्पट फुटतो. आजूबाजूचं प्लॅस्टर फोडून मूळ काढा आणि जागा पुन्हा भरा. अ‍ॅसिड आणि मिठाचे उपाय लोक सांगतात. पिंपळ मरेल तेव्हा मरेल, आतली सळी आधी गंजेल.

प्रश्न : *कौलांवर हिरवं-काळं शेवाळ आहे. भाच्याकडे गाडी धुण्याचं प्रेशर मशीन आहे, त्याने धुऊन काढू का? (संगमेश्वर)*

गाडी धुवा. कौलाची वरची भाजलेली कातडी त्या फवाऱ्याने सोलवटते, मग कौल पाणी पितं आणि त्याच्यावर शेवाळ आधीपेक्षा लवकर धरतं. शिवाय फवारा सांध्यांतून थेट माळ्यावर. एप्रिलच्या उन्हात शेवाळ सुकून पापडी धरतं तेव्हा नारळाच्या काथ्याच्या ब्रशने वरून खाली घासा, वाऱ्यावर उडून जातं. ब्लीचिंग पावडर छपरावर ओतू नका, पावळीचं पाणी तुमच्याच विहिरीकडे जातं. शेवाळ परत येऊ नये असं वाटत असेल तर ऊन येऊ द्या. छपरावर आलेली फांदी सहा-आठ फूट मागे घेतलीत तर निम्मं काम होतं. आंब्याची फांदी फळं उतरल्यावर तोडा आणि कापाला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. ओल्या शेवाळावर मात्र कुणी चढायचं नाही.

प्रश्न : *वानरं! दुसरं काही विचारायचं नाही. (गुहागर)*

आणि माझ्याकडे दुसरं उत्तरही नाही, सोबत आहे. आमच्याकडे टोळी आली की आंब्यावरून धप्पकन पडवीवर उतरते, आणि ते ‘धप्प’ मी आता कौलांत मोजतो. एका धप्पला दोन. वरून मासेमारीचं जुनं जाळं ताणून बघितलं, त्यात पानं अडकून छपरावर गादी झाली. शेवटी त्यांची उडी ओळखली. टोळी ठरलेल्या एक-दोन फांद्यांवरूनच छपरावर येते. त्या मागे घेतल्या, आणि जिथे उतरतात त्या पट्ट्यातली कौलं काढून तेवढ्यापुरता पत्रा घातला. पत्र्यावर आवाज होतो, तो त्यांनाही आवडत नाही. वाशाच्या टोकाशी तीस-चाळीस जादा कौलं रचून ठेवा, आणि ती रचलेली कौलं उचलताना हात घालण्याआधी काठीने वाजवा. मण्यारीला अशी जागा फार आवडते.

प्रश्न : *मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. मागे मोठा ओक, पुढे मेपल. नोव्हेंबरच्या सुरुवातीला माणूस बोलावून छपराच्या कडेची गटर (पन्हळ) साफ करून घेतली, तरी जानेवारीत बर्फाच्या सुळ्या लटकल्या आणि बेसमेंटच्या भिंतीला ओल आली. तुमच्या सदरात हे बसतं का?*

बसतं, कारण माझी मुलगी तिथेच आहे आणि मी तिच्याकडे एक अख्खा पानगळीचा हंगाम शिडी धरून उभा राहिलो आहे. तुमचं चुकलं ते एवढंच की मेपल पाहून माणूस बोलावलात. मेपल लवकर मोकळा होतो, ओक नोव्हेंबर संपेपर्यंत पानं धरून बसतो. साफसफाईनंतर ओकने आपला वाटा टाकला. ओककडे बघून तारीख ठरवा, साधारण डिसेंबरचा पहिला आठवडा, पाणी गोठायच्या आत. वसंतात ओकचे ते पिवळे तुरे आणि मेपलच्या भिरभिरत येणाऱ्या बिया पडतात, म्हणून जूनमध्ये दुसरी फेरी. वरून जाळी बसवून देणारे खूप जाहिरात करतात. मुलीकडे होती. मेपलच्या बिया जाळीच्या भोकांत उभ्या रोवल्या गेल्या होत्या, जणू पेरल्या.

बर्फाच्या सुळ्यांचा दोष पूर्ण गटरवर टाकू नका. घरातली ऊब माळ्यावर निसटते, छपरावरचा बर्फ खालून वितळतो आणि थंड कडेला येऊन पुन्हा गोठतो. ते माळ्यावरच्या इन्सुलेशनचं काम आहे. बेसमेंटची ओल मात्र बघा: उभा पाइप भिंतीच्या पायाशीच संपतो का? त्याला पाच-सहा फुटांचा तुकडा जोडून पाणी लांब सोडा. आपल्याकडे पावळीखाली जांभ्याचे दगड लावून पाणी खळ्याबाहेर काढायचे, तेच.

प्रश्न : *शेजाऱ्यांच्या फणसाची पानं आमच्या छपराच्या कडेच्या पन्हळीत पडतात. फांदी तोडायला ते नाही म्हणतात. आम्ही आमच्या बाजूने तोडली तर? (एक वाचक, रत्नागिरी शहर)*

परस्पर तोडू नका. शहरात महाराष्ट्राचा 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा लागतो, नगर परिषदेकडे अर्ज करून परवानगी घ्या. गावातही मोकळीक आहे असं समजू नका, 1964 च्या वृक्षतोडीच्या कायद्यातल्या झाडांच्या यादीत आंबा, फणस, साग हे सगळे आहेत. पण तुमच्या पत्रात पुढे चार ओळी पन्हळीबद्दल आहेत, त्या वाचून मला वाटतं खरा दोष तिचा. तीस फूट लांब, आणि उतार ‘डोळ्यांनी ठरवलेला’ असं तुम्हीच लिहिता. दहा फुटांना एक इंच उतार हवा, म्हणजे तुमच्या पन्हळीची दोन टोकं तीन इंचांनी खाली-वर. दोरी आणि पाणसळ लावून ब्रॅकेट पुन्हा ठोकून घ्या, दोन-दोन फुटांवर. मग वरच्या टोकाला एक घागर ओता आणि घड्याळ लावून बघा, पाणी कुठे थबकतं ते. जिथे थबकतं तिथेच पान बसतं, तिथेच डास होतात. उतार नीट असला तर फणसाचं पान पहिल्या सरीबरोबर खाली येऊन पडेल. ते झाडून शेजाऱ्यांच्या गोठ्याशी नेऊन द्या, शेळ्यांना फणसाचा पाला आवडतो. पुढच्या मे महिन्यात फांदीचं बोलणं त्यांनीच काढलं तर मला कळवा.